नेत्राचं वाक्य

विनायकने नाटक लिहिलं, बसवलं आणि त्यात बापाचं कामही स्वतःच घेतलं. चंडीगडच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझ्या नवऱ्याला आवरणार कोण? मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करणार होते.

नाटकाची गोष्ट आमचीच. परमुलखात जन्म काढलेला डॉक्टर निवृत्त होतो आणि बायको-मुलीला घेऊन गावी परततो. विनायकही त्याच वर्षी, दोन हजार चारच्या डिसेंबरात, निवृत्त होणार होता. क्वार्टर सोडायचं होतं, सांगलीचा फ्लॅट तयार होता. तयार नव्हती ती आमची नेत्रा. तिला शेजारच्याच मोहालीत एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती.

"पापा, मुझे यहीं रहना है," ती म्हणायची.

"एकटी? या परक्या गावात?" विनायक विचारायचा. त्यावर इथेच जन्मलेली, वाढलेली ती कपाळाला हात लावायची.

मग त्याने हे नाटक लिहिलं आणि मुलीचं काम तिला दिलं. तिने ते चक्क घेतलं! आम्ही दोघं हुरळून गेलो. पोरगी वळली असं धरून मी सामानाच्या ट्रकवाल्यालाही सांगून टाकलं.

प्रयोग छान रंगला. शेवटी तिला म्हणायचं होतं, "बाबा, तुम्ही असाल तिथंच माझं घर." नेत्रा गप्प. मी हळूच वाक्य दिलं. मग जोरात दिलं. पहिल्या रांगेतल्या बायका हसल्या. असा राग आला मला तिचा! तालमीत कधी एक शब्द चुकली नव्हती.

तिने माझ्याकडे बघितलं. ऐकू आलं होतं तिला. मग ती विनायककडे वळली आणि मराठीतच म्हणाली, "बाबा, तुमचं घर तुम्ही स्वतःच्या मर्जीने सोडलंत. माझं मला का सोडायला लावताय?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.

विनायक माझ्याकडे बघू लागला, पुढचं वाक्य मागत. मी काय देणार? त्याची बाजू घ्यावी, तर पोरगी खरं बोलत होती. तिची घ्यावी, तर तिला इथे एकटं टाकून जायचं. समोर नेत्रा हुंदके देत होती आणि लोक "वन्स मोअर" ओरडत होते.