चाळीस मिलिमीटरचा देव

चौथी कॅप परत आली, तेव्हा तिच्याबरोबर एक फुटाणाही आला. सबंध. कॅप प्लास्टिकच्या डबीत, फुटाणा कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर डॉ. सत्यशीला मॅडमच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पेशंटने तीन मिनिटं चावला. बघून घ्या.’

बसवंतनं बघून घेतला. फुटाण्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

फुटाणा नायगावच्या सटवाजींचा. त्यांची खालची दाढ किडली म्हणून ते नांदेडला मॅडमकडे गेले. मॅडमनी दाढ घासून बारीक केली आणि तिच्यावर बसवायची कॅप करायचं काम लातूरला, बसवंतच्या लॅबकडे दिलं. पद्धत सरळ होती. मॅडम तोंडात कॅमेरा फिरवायच्या, जबड्याचं चित्र कॉम्प्युटरवरून लातूरला यायचं, लॅबमधली सृष्टी त्यावर दाताचा आकार काढायची, आणि मशीन पांढऱ्या चकतीतून तो दात कोरायची. मग भट्टी, मग एसटीचं पार्सल. जबडा एका मिनिटात यायचा. दाताला जायला मात्र साडेतीन तास लागायचे, कारण गाडी अहमदपूरला चहाला थांबायची.

सटवाजींची कॅप दाढेवर चपखल बसत होती. तक्रार तिथं नव्हतीच. ती वरच्या दाताला भेटत नव्हती. तोंड मिटलं की दोघांच्यामध्ये फट राहायची. मॅडम त्या फटीत, दात टेकला की त्यावर डाग सोडणारा निळा कागद धरून म्हणायच्या, “चावा.” सटवाजी चावायचे. कागद कोराच्या कोरा बाहेर यायचा, जसा काही सुट्टीवर गेला होता. पहिल्या कॅपला फट केसाएवढी होती. चौथीला दोन केस मावत होते.

“पाचवी शनिवारी पाठवा,” मॅडम फोनवर म्हणाल्या. “ही टेकली नाही तर इथून पुढं माझी सगळी कामं हैदराबादला.”

“मॅडम, एकदा तुमचं स्कॅनिंग जर...”

“माझं स्कॅनिंग कॅप दाढेवर नीट बसवतंय. कमी पडते ती उंची. उंची तुमची.”

मागून सटवाजींचा आवाज आला. “त्याला म्हणावं, माझा दात किडका होता, पण फुटाणा फोडत होता.”

नांदेडची कामं म्हणजे लॅबची निम्म्याहून जास्त कामं. ती गेली असती तर लॅबमध्ये मशीन उरली असती, भट्टी उरली असती आणि शेजारच्या दालमिलमधून खिडकीतनं येणारा तुरीचा भुसा. सृष्टी उरली नसती. तसं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

पहिल्या कॅपनंतर पहिला संशय सृष्टीवरच गेला होता. तिनं आकार चार वेळा तपासून दाखवला आणि दिवसभर बोलली नाही. मग संशय विजेवर गेला. मग भट्टीवर. मग बसवंत दालमिलच्या मालकाकडे गेला.

“रेवणप्पा काका, तासभर मिल बंद ठेवता का?”

“कशाला?”

“तुमच्या हादऱ्यानं माझे दात आखूड व्हायलेत.”

रेवणप्पांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “पंचवीस वर्षं झाली ही मिल हादरायली,” ते म्हणाले. “मी चोवीस तास हितंच. माझे दात बघ.” आणि त्यांनी तोंड उघडलं. आत तीन दात होते. हा पुरावा नेमका कुणाच्या बाजूचा, ते बसवंतला ठरवता आलं नाही.

मिल तासभर बंद राहिली. त्या तासात कोरलेली कॅप सगळ्यात आखूड निघाली. तीच चौथी.

आता एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कॅलिब्रेशन. मशीनला डोळे नसतात, तिला पिन असते. बोटाएवढी पितळी पिन, बरोबर चाळीस मिलिमीटर लांब. ती मशीनच्या नाकात बसवायची. मशीन ती हळूच खाली आणते, ठोकळ्याला टेकवते आणि टेकल्याबरोबर समजते की ठोकळा आपल्यापासून चाळीसवर आहे. पुढचं सगळं कोरणं त्या एका टेकण्यावर. पिन चाळीसची आहे ह्यावर मशीनची श्रद्धा असते. तिला कुणी शंका विचारत नाही.

पहिली पिन झाडलोटीत कचऱ्याबरोबर गेली होती. दुसरी आली तेव्हा बसवंतनं डोकं चालवलं. लॅब खाली, घर वर. दोन्ही मिळून अशी जागा कुठली, जिथून आजवर एकही वस्तू हरवली नाही? अशी एकच जागा होती. त्यानं पिन नेऊन आईच्या देवघरात ठेवली.

“माय, हिला जीवापाड जप,” तो म्हणाला होता. “हिच्याशिवाय मशीन आंधळी हाय.”

“बरं,” साखराबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिन खंडोबाचा टाक आणि पितळी नंदी ह्यांच्या मध्ये उभी केली. ह्याला वर्ष होऊन गेलं. तेव्हापासून पिनला रोज विभूती आणि एक फूल होतं. पिन खाली न्यायची तर बसवंतला आधी आंघोळ करावी लागायची. कॅलिब्रेशन महिन्यातून एकदाच असल्यामुळं ते चालून गेलं.

सटवाजींच्या पहिल्या कॅपनंतर त्यानं ते आठवड्याला केलं. दुसरीनंतर रोज. तिसरीनंतर सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दोन आंघोळी. आणि गंमत अशी की तो जितकी काळजी घेत होता, तितका दात खाली चालला होता. जेवताना तो आईला म्हणाला, “लई बेजार झालोय. देवाला जरा सांग.”

“सांगून राहिले की,” साखराबाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी रोज मेहनत करून राहिले.”

गुरुवारी सृष्टीनंच विचारलं.

“दादा, सगळं मोजून झालं. पिन मोजली का?”

“पिन मोजत न्हाईत. पिननं मोजतात.”

“ती चाळीसची हाय, हे कुणी सांगितलं?”

“डबीवर लिहिलंय.”

“मग मशीनला डबी लावा.”

दुपारी तिनं मामाच्या लेथच्या कारखान्यातून मायक्रोमीटर आणला. लाकडी पेटीत तो होता आणि त्याच्या शेजारच्या खाचेत एक चकचकीत पोलादी कांडी, बरोबर पंचवीस मिलिमीटरची. मायक्रोमीटर खरं बोलतोय का, ते त्या कांडीवर तपासायचं, आणि मग त्यानं जगाला तपासायचं. “मामानं सांगितलंय,” सृष्टी म्हणाली, “मायक्रोमीटर पडला तर चालंल, कांडीला ओरखडा न्हाई पाहिजे.”

कांडी पंचवीस भरली. पिन एकोणचाळीस पूर्णांक एक्क्याण्णव भरली.

बसवंतनं तीनदा मोजली. पिन आपल्या म्हणण्यावर ठाम होती. नऊ शतांश मिलिमीटर गेलं होतं. म्हणजे मशीन प्रत्येक वेळी तेवढी जास्त खाली जात होती आणि तेवढं जास्त खरवडत होती. चकतीच्या वरून एकदा, उलटी करून खालून एकदा. सटवाजींच्या दाताला दोन्हीकडून कात्री लागत होती.

पिन हातात घेऊन तो वर गेला. साखराबाई परातीत देव घेऊन बसल्या होत्या. शेजारी चिंच, राख आणि विटकरीची भुकटी.

“आज गुरुवार हाय, माय. देव तर तू सोमवारी घासतीस.”

“तुझी अडचण चालू झाल्यापासून रोज.” त्यांनी हात पुढं केला. “दे तो हिकडं. त्याचा राहिलाय.”

“ह्याला घासायचं नसतं.”

“मग हिरवा पडू द्यायचा का देवाला?”

“देव न्हाई, पिन हाय ती. झिजली बघ घासून.”

“झिजणारच की. हा नंदी माझ्या सासूनं दिला तवा त्याला शिंगं होती.” त्यांनी नंदी वर धरला. शिंगं गेली होती, कान गेले होते, पाय एकमेकांत मिसळले होते. पाहुण्याला तो बेडूक वाटला असता. “हाय का त्याची काही तक्रार?”

“नंदीवरून कुणाचा दात बनत न्हाई, माय.”

“तूच म्हणलास, जीवापाड जप. ह्या सगळ्यांत जास्त त्यालाच घासलंय मी.”

बसवंतनं पिन शर्टाच्या खिशात टाकली. तो एवढंच म्हणाला की पिन आता खालीच राहील.

“न्हे,” साखराबाई म्हणाल्या आणि नंदीवर राख टाकली. “तुझा देव, तुझी मर्जी.”

नवीन पिन यायला तीन आठवडे लागतील, असं कंपनीनं कळवलं. शनिवार दोन दिवसांवर होता. बसवंत मशीनसमोर स्टुलावर बसला.

“मशीनला खरं सांगून टाकू,” सृष्टी म्हणाली. “चाळीसच्या जागी एकोणचाळीस एक्क्याण्णव लिहू. तिला काय, जे लिहू त्यावर तिचा विश्वास.”

लिहिलं. पाचवी कॅप शुक्रवारी कोरली, रात्रभर भट्टीत राहिली, शनिवारी सकाळच्या गाडीनं अहमदपूरचा चहा पाहून नांदेडला गेली.

सोमवारी साडेअकराला मॅडमचा फोन आला. त्यांनी तो सटवाजींच्या तोंडाजवळ धरला असावा. आधी कागदाचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, “निळा डाग पडलाय.” मग सटवाजी म्हणाले, “डाग राहू द्या, हे बघू द्या,” आणि त्यांच्या खिशात काहीतरी खुळखुळलं. बसवंतनं डोळे मिटले.

कडक्.

“फुटला,” सटवाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी निराशाच होती. त्यांनी खिसाभर आणले होते.

“सहा कामं पाठवतेय,” मॅडम म्हणाल्या. “आणि बसवंत, आता त्या मापाला कुणालाही हात लावू देऊ नका.”

“न्हाई लावू देत, मॅडम.”

त्यानं फोन ठेवला. वर घासण्याचा आवाज चालू होता. सोमवारच होता. बसवंतनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. पिन खिशात होती. आता त्या आवाजाची त्याला धास्ती नव्हती.

“दादा,” सृष्टी टेबलापाशी उभी होती. मायक्रोमीटरची पेटी उघडी होती. मायक्रोमीटर जागेवर होता. शेजारची खाच रिकामी होती. “मामा संध्याकाळी पेटी न्यायला येणार हाय.”

बसवंत आंघोळ न करताच वर गेला.

“तू तुझा नेलास,” साखराबाई मान वर न करता म्हणाल्या. “खंडोबा आन् नंदीच्या मधी मोकळं बरं दिसना. म्हणून त्या पेटीतला धाकटा आणून बसवला.” विटकरीची भुकटी चिमटीत घेऊन त्यांनी कांडीच्या टोकाला लावली. “पोलादाचा हाय. लवकर उजळत न्हाई. पर मी बी सोडत न्हाई त्याला.”