एकाआड एक

पांढरी ओळ

मित्रांनो, मी एका स्मरणपुस्तिकेच्या मधल्या पानावरचा जुना तक्ता आहे. कारखान्याच्या आगीत गेलेल्या कामगारांची नावे मी सांभाळतो. नाव, खाते, वय. एवढेच माझे रकाने.

करडी ओळ

माझा जन्म छापखान्यातल्या संगणकावर झाला. जुळणी करणाऱ्या ताईने आधी माझ्या उभ्या रेघा काढून टाकल्या. आडव्या ठेवल्या, त्याही केसासारख्या बारीक. मग तिने 'एकाआड एक' असा हुकूम दिला आणि माझ्या अंगावर पट्टे उमटले. एक ओळ पांढरी, एक फिकट करडी. डावीकडच्या नावावरून निघालेली नजर न घसरता उजवीकडच्या वयापर्यंत पोचू लागली. छापखान्याचे मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "वा! काय देखणा झालाय!" मी फुगलो. गेलेल्या माणसांच्या तक्त्याने फुगू नये, हे मला तेव्हा कळत नव्हते.

पांढरी ओळ

पहिले प्रूफ घरोघरी तपासायला गेले. एका काकूंनी आपल्या नवऱ्याचे नाव शोधले. ते पांढऱ्या ओळीत होते. त्यांनी सही केली. नंतर कळले, एक नाव राहूनच गेले आहे. ताईने ते वरच्या बाजूला घातले. मित्रांनो, माझी रीत अशी की वर एक ओळ शिरली की खालच्या सगळ्यांचे रंग उलटतात. पांढरे करडे होतात, करडे पांढरे. कुणाला विचारावे लागत नाही.

करडी ओळ

दुसरे प्रूफ पाहून काकू तडक छापखान्यात आल्या. मागोमाग त्यांचा दीर.

"परवा हे पांढरे होते. आज करडे कुणी केले?"

"काकू, ती नुसती छटा आहे," ताई म्हणाली. "वाचायला सोपं जातं."

"मला नको शिकवूस, पोरी. कारखान्याच्या फाटकावर हजेरीचा तक्ता लागायचा. जो आला नाही, त्याची ओळ मुकादम पेन्सिलीने करडी करायचा."

"वहिनी, अहो, तो तक्ता वेगळा..."

"भाऊजी, तुम्ही तेव्हाही गप्प बसलात. आताही बसा."



आग लागली त्या दिवशी काकूंच्या नवऱ्याची सुटी होती. आजारी सोबत्याच्या पाळीवर तो गेला. हजेरीत त्याची ओळ करडीच राहिली आणि कारखाना म्हणाला, हा माणूस आत नव्हताच. काकूंनी उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे तो माझ्यात आला.

"गेले ते गेले," काकू म्हणाल्या. "पण ते कामावर होते, एवढं तरी पांढऱ्यावर काळं राहू दे."

ओळ

"त्यांची तेवढी पांढरी कर आणि मोकळी हो," मालक ताईला हळूच म्हणाले.

"आणि ज्यांच्या करड्या उरतील, त्यांच्या घरच्यांनी काय समजायचं?"

"मग सगळा तक्ता उघडाबोडका करणार? डोळे गडबडतील लोकांचे."

"गडबडू देत."

ओळ

ताईने हुकूम मागे घेतला. माझे पट्टे क्षणात उतरले. खोटे कशाला बोलू, मला रडू आले. रूप गेले माझे. उरल्या त्या सारख्या बारीक रेघा, सगळ्यांना सारख्या.

काकू पडद्याजवळ वाकल्या. वरपासून खालपर्यंत पाहिले. फक्त आपल्या माणसाचे नाही, सगळ्यांचे.

"आता आले हे सगळे कामावर," त्या म्हणाल्या.

ओळ

पुस्तिका वाटली गेली, मग कपाटांत गेली. माझ्यावर धूळ बसली. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी तक्ते कराल. हौसेने सजवा. पण ज्यांची माणसे त्यात आहेत, त्यांना आधी दाखवा आणि विचारा, तुम्हाला यात काय दिसते?

मालकांचे म्हणणे खरे ठरले. अजूनही कुणी मला उघडले की त्याची नजर घसरते. मग तो नावाखाली बोट ठेवतो. बोट ठेवले की घाई करता येत नाही. ओठ हलू लागतात, आणि एकेक माणूस मोठ्याने वाचला जातो.