पाचवा रांजण

योगिनीच्या घरात दुपारी साडेचारला रात्र व्हायची. खिडकीला जुनी चादर लागायची, गादी पडायची आणि शाळेतून नुकतीच आलेली रूपा आणि धाकटा चिनू हातपाय धुऊन, डोळे टक्क उघडे ठेवून झोपायला यायचे. झोप कोणालाच येत नसे. पण झोपण्याआधी आईनं पुस्तकातली एक गोष्ट वाचायची हा पाच वर्षांचा नेम होता आणि कारंज्याच्या दवाखान्यात रात्रपाळी लागली म्हणून तो मोडायला योगिनी तयार नव्हती. सहाच्या जीपनं तिला निघावं लागे. खरी रात्र तिच्या वाट्याला येत नव्हती, म्हणून तिनं दिवसालाच चादर लावली. नवरा राजू पुण्याला कामाला. तिला अडवणारं घरात एकच माणूस होतं.

ते म्हणजे तिची आई रुख्मिणीबाई, पोरांना सांभाळायला रिठदहून कामरगावला येऊन राहिलेली. तिचं म्हणणं एवढंच होतं की दिवसा गोष्ट सांगू नये, मामा वाट चुकतो. हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. योगिनी म्हणे, मी सांगते कुठं, मी तर वाचते. शिकलेल्या माणसाला पळवाट काढायला वेळ लागत नाही.

गंमत म्हणजे रुख्मिणीबाई स्वतः कधीच गोष्ट सांगत नसे. उखाणे घालील, गावभरच्या भानगडी सांगेल, पण गोष्ट नाही. नातवंडांनी हट्ट धरला की तिला नेमकी भांडी घासायची आठवत. ऐकण्याचा नियम मात्र तिनंच घालून दिला होता. दर वाक्याला ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणून हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की वाचणाऱ्यानंही थांबायचं, कारण मग गोष्ट कोण ऐकतंय ते सांगता येत नाही.

पोरांचा मामा म्हणजे पवन, योगिनीचा धाकटा भाऊ, रिठदला शेती करणारा. खोट्या रात्रीचा पहिलाच आठवडा होता आणि त्यानं फोनवर हसत सांगितलं की आज स्वतःच्याच वावरात जाता जाता तो शेजाऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला, आपलं वावर कुठं गेलं म्हणून डोकं खाजवत. योगिनीही हसली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, झालं. रुख्मिणीबाई हसली नाही. तिनं फक्त विचारलं, किती वाजले होते. पवन म्हणाला, पावणेपाच.

त्या शुक्रवारी पवन तुरीची नवी डाळ घेऊन यायचा होता. मोटारसायकल दुरुस्तीला टाकलेली, म्हणून एसटीनं. योगिनीचं घर गावाच्या कडेला, फाट्यावरून निघणाऱ्या कच्च्या रस्त्यावर. अर्धा किलोमीटर सरळ रस्ता, मध्ये ना वळण ना वाट, फक्त एक बाभूळ आणि तिच्याखाली चुना फासलेला दगड. अंगणात उभं राहिलं तर एसटीतून कोण उतरलं ते दिसावं, इतकं जवळ.

योगिनी वाचत होती. मुंगीच्या लग्नाला निघालेल्या ढोलकीवाल्याची गोष्ट होती, ढोलकीवाला अर्ध्या वाटेवर आला होता, आणि तेवढ्यात फोन वाजला. पवन एसटीतून उतरून घराकडे निघालाही होता. तिनं पुस्तक पालथं घातलं, मामा आला म्हणून पोरांनी चादर ओढून काढली, घरात उजेड झाला. योगिनीनं चहाचं आधण ठेवलं.

चहा उकळला. मग आटला. योगिनीनं पाणी वाढवलं, तेही आटलं. अंगणात जाऊन पाहिलं तर रस्ता रिकामा. कोणी ओळखीचं भेटलं असेल, गप्पा मारत बसला असेल, असं ती मोठ्यानं म्हणाली. आईला ऐकू जावं म्हणूनच म्हणाली. रुख्मिणीबाई ओट्यावर बसून होती आणि तिनं निवडायला घेतलेले तांदूळ तिसऱ्यांदा निवडत होती. पाऊण तासानं पुन्हा फोन आला.

"ताई, हे बाभूय आता चौथ्यांदा आली," पवन म्हणाला. त्याच्या आवाजात अजून थोडं हसू होतं, पण उसनं आणल्यासारखं.

तू तिथंच थांब, मी येते, असं सांगून योगिनी चपला न घालताच धावली. पाच मिनिटांत बाभळीपाशी पोचली. दिवस मावळतीला टेकला होता. दोन्ही अंगांना सोयाबीन काढलेली मोकळी वावरं, मागं तिचं घर, पुढं फाटा, आणि माणूस म्हणून कुठं नाही. तिनं फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"मी बाभयीखालीच बसेल आहो. पिशवी त्या चुन्याच्या दगडावर ठेवली. तू काहून येऊन नाई राह्यली?"

योगिनीचा हात त्याच दगडावर टेकलेला होता. तिनं तो चटकन काढून घेतला.

"पवन, मी बी बाभयीखालीच आहो," ती म्हणाली.

पवन हळूच म्हणाला, "मंगाशी तुया आवाज येत होता, वाचायचा. त्या आवाजामांगं मी चालून राह्यलो होतो. मंग तो बंदच झाला. आता घर कोन्या अंगाले हाय, थेच समजत नाई."

त्यानंतर फोन बंद पडला आणि पुन्हा लागला नाही.

योगिनी पळतच घरी परतली. तिनं दवाखान्यात कळवलं की आज येत नाही, आणि सरळ पुस्तक उचललं. रुख्मिणीबाईनं तिचा हात धरला. इतका घट्ट की बांगडी रुतली. आता पुरे कर, ती म्हणाली, त्या पुस्तकाला पुन्हा हात लावू नको. आणि मग उभ्याउभ्याच तिनं ते सांगितलं, जे तीस वर्षांत लेकीला सांगितलं नव्हतं.

तिचा भाऊ जगदेव, योगिनीचा मामा. तो कामाला जाऊन परागंदा झाला एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं. पण तो कुठंही गेला नव्हता. तो रिठदला बहिणीकडे येत होता, योगिनी शाळेत जाणार म्हणून तिच्यासाठी पाटी घेऊन. एसटीतून उतरताना लोकांनी पाहिला. त्यानंतर कोणी नाही पाहिला. विहिरी पाहिल्या, नाले पाहिले, चप्पलसुद्धा सापडली नाही. त्या दुपारी रुख्मिणीबाई गोष्ट सांगत होती, सात रांजण पाणी पिण्याची पैज लावलेल्या चिलटाची. चार रांजण संपले, पाचव्यापाशी दावणीची म्हैस सुटली, रुख्मिणीबाई तिच्यामागं धावली आणि गोष्ट तिथंच राहिली.

"माह्या गोष्टीनं माहा भाऊ गेला," ती म्हणाली. "तवापासून म्या तोंड शिवलं. तू बी शिव."

दुपारी गोष्टीसाठी हट्ट कोणी धरला होता, ते तिनं सांगितलं नाही. घरात तेव्हा सहा वर्षांची एकच पोर होती, पवन पाळण्यात होता. योगिनीला एकदम रडू आलं. पण रडायला बसली तर भाऊ जाईल, हेही तिला कळत होतं. तिनं आईचा हात सोडवला, पोरांना दोन्ही बाजूंना घेतलं, दार सताड उघडलं आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात ढोलकीवाल्याला पुन्हा वाटेला लावलं.

हूं, रूपा म्हणाली. हूं, चिनू म्हणाला. एक पान झालं. बाहेर दिवेलागण होऊन गेली होती, ओट्यापलीकडचं दिसत नव्हतं. दुसऱ्या पानावर चिनू पेंगला. योगिनीनं वाक्य संपवलं, रूपानं हुंकारा दिला, आणि त्यापाठोपाठ लांबून, वावराच्या अंगानं, अजून एक आला. जाड, पुरुषी.

हूं.

रूपानं आईच्या मांडीत तोंड खुपसलं. योगिनी थांबली नाही. दर वाक्यागणिक हुंकारा थोडा जवळ येत होता. तिसऱ्या पानावर तिला कळलं की हुंकारे दोन आहेत. एक पवनचा, तो तिनं झोपेतही ओळखला असता. दुसरा त्याच्या पाठीमागून, जरा उशिरा येणारा, खोल विहिरीतून यावा तसा. मुंगीच्या मांडवात ढोलकी वाजली, गोष्ट संपली, आणि पवन ओट्याच्या पायरीवर उभा होता. खांद्यावर पिशवी, गुडघ्यापर्यंत धूळ.

त्यानं तांब्याभर पाणी एका दमात प्यायलं. त्याच्या लेखी अर्धाच तास झाला होता. योगिनीनं त्याचे गाल, खांदे, हात चाचपून पाहिले, त्याला एक धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली. रुख्मिणीबाई मात्र लेकाच्या पाठीमागच्या अंधाराकडे पाहत होती. तिनं विचारलं, तुझ्यासंग कोण होतं.

पवननं नाव सांगितलं नाही. त्याला माहीतच नव्हतं.

"व्हता येक जन," तो म्हणाला. "त्याच बाभयीखाली बसेल. हातात पाटी, कागदात बांधेल. ताईचा आवाज आला तं माह्यासंग निंगाला, पन गोष्ट सरली तसा तठीच थांबला. म्हने थे माही गोष्ट नोती. मले इचारत होता, पाचव्या रांजनाचं काय झालं."

रुख्मिणीबाईचा चेहरा आधी रिकामा झाला आणि मग हळूहळू त्यावर जे आलं ते योगिनीला पाहवलं नाही. तोंड शिवून बसले म्हणजे भावावरचं अरिष्ट वाढणार नाही, असं ती माउली तीस वर्षं समजत होती. आणि तो तीस वर्षं नुसता पुढच्या वाक्याची वाट पाहत उभा होता.

ती भिंतीला धरून उठली, उंबऱ्यात जाऊन बसली, पदर सारखा केला. गाव बदललं होतं, घर बदललं होतं, पण भाऊ येणार तो बहीण असेल तिथंच. दोनदा घसा खाकरूनही आवाज फुटेना. तिसऱ्यांदा फुटला.

"पाचवा रांजन होता तेलनीच्या दारचा," ती अंधाराला म्हणाली. "त्याचं पानी होतं खारं."

ती थांबली. रूपा हुंकारा देणार होती, योगिनीनं तिच्या तोंडावर अलगद हात ठेवला.

रस्त्यावरून, अगदी ओट्याच्या खालून, कोणीतरी म्हणालं, हूं.

रुख्मिणीबाईनं डोळे मिटून घेतले आणि पुढचं वाक्य सांगितलं. योगिनी उठून आत गेली. तिनं करपलेलं भांडं घासलं, नवं आधण ठेवलं, आणि कप मांडताना एक जास्तीचा मांडला.