बाबांच्या कोशातलं वाक्य

माझे बाबा, मुन्शी सैदल, पेशावरच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाला पश्तो शिकवायचे आणि त्याच्याबरोबर बसून पश्तोचा कोश रचायचे. त्या कोशानं त्यांना पार झपाटलं होतं. माझ्या सासरी आले की लेकीची खुशाली राहिली बाजूला, आधी विचारायचे, "ताक घुसळायच्या रवीला तुमच्या गावात काय म्हणतात गं?"

सासू ओढणीआड हसायची. सासरे तोरसम मात्र चिडवायचे, "मुन्शीजी, साहेब ताक घुसळायला बसणार आहे का?"

"हसा, खान. आजवर फारसीवाल्यांनी आपल्या भाषेला गुराख्यांची बोली म्हणून हिणवलं. आता ती पुस्तकात बसेल."

"बसेल खरी. पण कुणाच्या मांडीवर?"

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. शिकलेल्या माणसाला शहाणपण सांगायला कोण जाणार?

शब्दाचा नुसता अर्थ देऊन त्यांचं समाधान होत नसे. प्रत्येक शब्दाखाली लोकांच्या तोंडचं एक वाक्य हवंच. 'दार' या शब्दाखाली त्यांनी ननवातेचं, म्हणजे आसरा मागायचं, वाक्य घातलं, "तुमच्या दारात आलोय, पदरात घ्या." असं म्हणत कुणी उंबऱ्याशी आला की आमच्यात त्याला आसरा द्यावाच लागतो, मग तो सख्ख्या भावाचा मारेकरी का असेना. हे वाक्य कुणी कपटानं म्हणेल, असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या वर्षी छावणीच्या एका शिपायानं पाणवठ्यावर माझ्या नणंदेचा हात धरला. माझ्या नवऱ्यानं, झरवरनं, त्याला तिथंच गोळी घातली. छावणीनं सगळे डोंगर पिंजून काढले. झरवर आमच्याच घरात, धान्याच्या कणगीमागे होता.

भर दुपारी दारावर थाप पडली. "तुमच्या दारात आलोय, पदरात घ्या."

सासरे उठले. मी आडवी गेले. "आधी कोण ते तरी विचारा!"

"आसरा मागणाऱ्याला नाव विचारू? माझ्या दाढीची काही लाज ठेवशील की नाही?"

त्यांनी कडी काढली. बाहेर चादर गुंडाळलेला गोरा साहेब उभा होता, आणि भिंतीआडून शिपाई धावत आले. तो बाबांचाच शिष्य, हे आम्हाला मागाहून कळलं. झरवरला छावणीत फाशी दिलं. सासरे त्या दिवसापासून मशिदीत गेले नाहीत, कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

बाबा धावतपळत आले. साहेब दारात काय म्हणाला, ते मी त्यांना शब्दन् शब्द सांगितलं. ते भिंतीला टेकून खाली बसले. आता हा माणूस ऊर बडवून रडेल, असं मला वाटलं. मला ते हवंच होतं.

त्यांनी मान वर केली.

"उच्चार कसा होता गं त्याचा?"

"साफ होता, बाबा. अडखळला असता, तर माझा नवरा वाचला असता."