पलंगाकडचं कार्ड

सलिलने शेवटच्या कार्डाच्या पाठीवर हात टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला आणि काढून घेतला. गरम नव्हतं. कोमट म्हणावं इतपतच. बाकीच्या पाचांचे पंखे संथपणे घुमत होते आणि याचे मात्र गपगार पडले होते.

"ताप उतरला का त्याचा?" पलंगावरून आईने विचारलं.

"तापच नाहीये गं त्याला. तोच तर प्रॉब्लेम आहे."

"मग पोटाचं काही असेल. बस जरा, नीट बघ."

तो फरशीवर मांडी ठोकून बसला आणि लॅपटॉप उघडला. आईने उशी पाठीशी सरकवली आणि शेजारच्या मधुकाकींच्या सुनेबद्दल सांगायला सुरुवात केली. सलिल अधूनमधून "हं" म्हणत होता. सुनेचं काय झालं हे त्याला नंतर कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कार्ड पुन्हा चालू झालं, पंखे फिरायला लागले, तसा तो उठला.

"झालं?" आई म्हणाली. "एवढ्यात?"

"मीटिंग आहे," म्हणत तो बाहेर गेला.

वर्तकनगरच्या त्या घरात ही दोघंच. वडील खोपटच्या डेपोत कंडक्टर होते, ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. धाकट्या लेकासाठी स्थळं बघून बघून सगुणाबाई थकल्या होत्या आणि गुडघ्यांनी तर त्याआधीच संप पुकारला होता. वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जायचं, परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. आतली खोली त्यांची. तिची खिडकी येऊरच्या डोंगराकडे उघडायची, घरातला काय तो वारा तिथेच. आणि वारा तर सलिलच्या रिगलाही हवा होता. त्यामुळे आईच्या पलंगाला लागूनच रिग उभी राहिली: ॲल्युमिनियमची एक उघडी चौकट आणि तिच्यात ओळीने टांगलेली सहा ग्राफिक्स कार्डं. दिवसरात्र ती आकडेमोड करायची आणि त्याच्या मोबदल्यात कुठल्याशा डिजिटल नाण्याचे कण सलिलच्या खात्यात जमा होत राहायचे; याला खाणकाम म्हणतात. आईला त्याने हे दोनदा समजावून सांगितलं होतं. तिने मधुकाकींना सांगितलं की सल्याची मशिनं जप करतात.

सलिलला खरी गोडी नाण्यांची नव्हतीच. त्याला गोडी होती ती वीज वाचवण्याची. नवं कार्ड गरजेपेक्षा जास्त वीज पितं. त्याचं व्होल्टेज चिमूटभर कमी करायचं आणि वाट बघायची. टिकलं, तर आणखी चिमूटभर. काम तेवढंच व्हायला हवं, वीज कमी लागायला हवी. कमी करता करता एका जागी कार्ड पडतं, म्हणजे काम टाकून गप्प होतं. मग एक पायरी वर यायचं आणि तिथे त्याला सुखाने राहू द्यायचं. हे वाचायला सोपं वाटतं, पण प्रत्येक कार्डाचा स्वभाव निराळा, आणि तो ओळखायला चिकाटी लागते. ती सलिलकडे भरपूर होती. ऑफिसात ज्याला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं, त्याला टेलिग्रामच्या ग्रुपवर नागपूर-नाशिकची पोरं "सर, सेटिंग द्या ना" म्हणून गळ घालायची. माणसाला एवढं पुरतं.

सुरुवातीचे काही महिने तो आईच्या खोलीतच पडीक असायचा. एक आकडा बदलायचा, बसून राहायचा, पुन्हा बदलायचा. वाट बघण्याच्या त्या मोकळ्या वेळात आई बोलायची. देवरूखचं माहेर, डेपोतल्या लोकांच्या भानगडी, थोरल्या संचिताच्या जन्माच्या वेळचा गोंधळ. मग एकेक करून कार्डं शहाणी झाली. निम्म्या विजेत पूर्ण काम करू लागली, तापेनाशी झाली, पंख्यांचा आवाजही खाली आला. सगळ्यांचा कारभार सलिलने मोबाइलवर घेतला. आता त्यांच्याकडे जाऊन बघायची गरज उरली नव्हती. ऑफिस घरीच आलेलं ते दुसरं वर्ष होतं. तो बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचा, जेवणाचं ताट आत नेऊन द्यायचा आणि रिकामं ताट घेऊन यायचा.

अशात ते पलंगाकडचं कार्ड पडायला लागलं.

धड वेळ नाही की काळ नाही. कधी सकाळच्या चहानंतर, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. मोबाइल किंचाळायचा आणि सलिल हातातलं टाकून आत धावायचा. त्याने व्होल्टेज वाढवून पाहिलं. केबल बदलली. मेमरीचा वेग उतरवला. कार्ड दोन दिवस शहाण्यासारखं वागायचं आणि पुन्हा पडायचं. मग त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती ध्यानात आल्यावर तो स्वतःवर बेहद्द खूश झाला. ज्या दिवशी त्याला ऐरोलीच्या ऑफिसात जावं लागायचं, त्या दिवशी कार्ड एकदाही पडायचं नाही. म्हणजे तो घरी असताना जो एसी चालतो, मिक्सर चालतो, त्यांचा भार लाइनवर येत असणार. त्याने चांगला जड स्टॅबिलायझर आणून बसवला.

तरी कार्ड पडलं.

शेवटी त्याने ते काढून खिडकीच्या टोकाला नेलं आणि खिडकीकडचं, कधीही न पडलेलं कार्ड पलंगाच्या बाजूला लावलं. दुसऱ्याच दिवशी ते गुणी कार्ड पडलं. सलिलने टाळी वाजवली. म्हणजे दोष कार्डाचा नव्हताच, जागेचा होता! पलंगामुळे त्या टोकाची हवा अडत होती. एवढा सरळ, पायरीपायरीने केलेला विचार, त्यात चूक काढायला कोणाला जागा नव्हती.

"आई, थोडे दिवस ताईकडे जातेस का? ठाकुर्लीला?"

"का रे?"

"मे महिना आहे. ही खोली तापते. या आवाजात तुला झोप तरी कुठे लागत असेल."

"मला कसला आलाय आवाज. सवय झाली मला."

"तिकडे लिफ्ट आहे, नातीची सोबत आहे, शिवानीची. तुझाही वेळ जाईल." त्याने पलंगाच्या कडेवर हात ठेवला. "आणि खरं सांगू का, या पलंगाने हवा अडते. पलंग काढून भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसवायचाय. त्याशिवाय ते पडायचं थांबणार नाही."

आई त्या कार्डाकडे बघत राहिली.

"मी गेले की बरं होईल म्हणतोस?"

"होईल. नक्की होईल."

"होईल," तीही म्हणाली, आणि पायांवरची चादर घडी करायला घेतली.

रविवारी संचिता आली आणि आईला गाडीतून घेऊन गेली. जाताना आईने आपली उशी मागून घेतली. सलिलने पलंग खोलून त्याच्या फळ्या गॅलरीत उभ्या केल्या, माणूस बोलावून एक्झॉस्ट बसवला आणि मोबाइल समोर ठेवून वाट बघितली. कार्ड पडलं नाही. आठवडा गेला, महिना गेला, नाहीच पडलं. त्याने ग्रुपवर सविस्तर लिहिलं, की मित्रांनो, सगळा खेळ हवेचा आहे. पोरांनी टाळ्या पाठवल्या. पुढे त्या नाण्याचं असलं खाणकामच कायमचं बंद पडलं आणि सहाही कार्डं अडगळ झाली, पण तेव्हा ते कोणाला दिसत होतं?

घर मात्र फार नीट चालायला लागलं होतं. कामाच्या मध्येच तो उठायचा, आतल्या खोलीत जायचा, कार्डांच्या पाठींवर ओळीने हात ठेवायचा. सगळी कोमट. काही करण्यासारखं नसायचं. मग तो दार ओढून घेऊन परत यायचा. आपण कशासाठी गेलो होतो हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी संचिताने त्याला जेवायला बोलावलं. कोंबडी-वड्यांचा वास लिफ्टपर्यंत आला होता. आई खुर्चीत बसून वडे थापत होती. अंगाने भरली होती, नवा गाऊन घातला होता, आणि सलिलला बघून तिला मनापासून आनंद झाला. सगळे जेवायला बसले. भावोजी, म्हणजे दिपेश, रिगचा विषय काढल्याशिवाय राहणाऱ्यातले नव्हते.

"काय शेठ, तुमचं खाणकाम काय म्हणतंय? ते एक सारखं पडत होतं ना?"

"एकदाही नाही पडलेलं," सलिल म्हणाला. "आई इकडे आली, मी एक्झॉस्ट टाकला, खल्लास. पंख्याने काम केलं."

आईने तोंडाला पदर लावायला हात वर नेला, गाऊनला पदर नाही हे लक्षात आल्यावर तळहातच लावला. तिचे खांदे हलत होते.

"काय झालं गं?" संचिताने विचारलं.

"पंख्याने नाही रे बाबा," आई हसता हसता म्हणाली. "पंख्याने कसलं काय!"

"मग?"

"मी पाडायचे ते." तिने टेबलाखालून उजवा पाय पुढे काढला आणि अंगठा हलवून दाखवला. "त्याची ती पट्टीसारखी वायर अगदी पलंगाच्या कडेला यायची. पडल्या पडल्या जरासा अंगठा लावला की झालं. हाक मारली तर हा म्हणायचा मीटिंग आहे. आणि ते पडलं की मीटिंग सोडून धावत यायचा!"

दिपेशने टेबलावर थाप मारली. शिवानीला ठसका लागला, संचिता तिच्या पाठीवर हात फिरवत स्वतःच खो-खो हसत होती. "धन्य आहेस आई तू," ती म्हणाली. "आणि हा इंजिनियर!"

"आणि ऑफिसला जायचास ना, त्या दिवशी नाही हो लावला कधी हात," आई म्हणाली. "उगाच तुझं नुकसान कशाला."

सलिलही हसला. हसणं भागच होतं. ताटातला वडा त्याने मोडला, रश्शात बुडवला आणि तसाच राहू दिला. स्टॅबिलायझर, केबल, इकडचं कार्ड तिकडे, एवढं सगळं डोकं चालवताना दोन हातांवर पलंगावर बसलेलं माणूस त्याने हिशेबात धरलंच नव्हतं. धरलं ते फक्त पलंगासकट, हवा अडते म्हणून. त्याला तिचा राग यायला हवा होता, निदान दिपेशचा तरी. आली ती लाज, आणि अशी की आईकडे मान वर करून बघवेना.

जेवणं उरकल्यावर दिपेश आडवा झाला, संचिता भांड्यांना लागली. आतल्या खोलीत आई पलंगावर टेकली होती आणि तिच्या पायाशी पालथी पडून शिवानी दहावीचा भूगोल मोठ्याने वाचत होती. आजीला ऐकवलं की पाठ होतं, असं तिचं म्हणणं. सलिल दारात उभा राहिला, मग आत येऊन पलंगाशी खाली बसला.

"आई, घरी चल."

"आत्ता?"

"उद्या चल. मी गाडी घेऊन येतो. पलंग आजच लावतो परत."

"अरे, हवा अडेल ना त्यांची."

"अडू दे."

आई थोडी हसली. "राहू दे रे. बरं चाललंय माझं इथे. ही पोरगी वाचून दाखवते, शाळेतलं सांगते. संध्याकाळी खाली नेऊन बसवते मला. खालच्या बायका ओळखीच्या झाल्यात."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. टोमणा नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं, आणि सलिलला तेच सोसवेना. रागावली असती तर समजूत काढता आली असती. चुकलो म्हणायला तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर आलं.

"ते परत पडायला लागलंय," तो म्हणाला. "पलंगाकडचं. रोज पडतं."

शिवानी वाचायची थांबली आणि मामाकडे बघायला लागली. आईनेही त्याच्याकडे बघितलं, नीट, लहानपणी शाळेला जायचं नसलं की बघायची तसं. मग वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हो का?" ती म्हणाली. "आता कोण पाडतं रे?"

सलिलने पलंगाच्या कडेला डोकं टेकवलं. आईने शिवानीला वाच म्हणून खूण केली. तो खालीच बसून राहिला, धडा संपेपर्यंत.