बसलेली माणसं

पार्वतम्मानं मलप्पाच्या कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, हनुवटी धरून त्याची मान सरळ केली आणि मागं सरकली.

"हलू नका. पापणीबी न्हाई."

शेजारचा मलप्पा दुकान उघडं टाकून आला होता. खुर्चीच्या हातांवर पंजे टेकवून तो समोर बघत राहिला. पार्वतम्मानं श्वास रोखून बटण दाबलं. खट्. एवढासा तो आवाज, पण तिच्या छातीत काहीतरी उडी मारून गेलं. नातू झाल्याची तार आली तेव्हाही ती इतकी उतावीळ झाली नव्हती.

कॅमेरा जावयाचा. सिद्धलिंग नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात होता. नवा घेतला म्हणून जुना सासूकडे ठेवून गेला. जाताना दोनच गोष्टी सांगितल्या. ऊन आपल्या पाठीशी पाहिजे, आणि समोरचा हलला की फोटो गेला. दुसरी गोष्ट तिनं फारच मनावर घेतली.

रोल भरेपर्यंत अर्धी गल्ली त्या खुर्चीवर बसून गेली. राहिली ती थोरली जाऊ, जगदेवी. दोघींचे नवरे गेलेले, चूल एकच. आणि पार्वतम्माला खरा फोटो पाहिजे होता तो तिचाच.

"म्या न्हाई बसणार," जगदेवी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली. "आपल्यात माणसाला असं कवा बसवतात, ठावं हाय न्हवं तुला?"

ठाऊक होतं. माणूस गेलं की त्याला बसतं करायचं, विभूती लावायची, हार घालायचा, आणि मातीला न्यायच्या आधी फोटो काढायचा. जगदेवीच्या नवऱ्याचा घरात तेवढाच एक फोटो होता. जितेपणीचा एकही नाही. उद्या जगदेवीचंही तसलंच काही भिंतीवर उरावं, हे पार्वतम्माला सोसवत नव्हतं. पण हे तोंडावर बोलणार कोण?

"मग मेल्यावरच काढते," ती म्हणाली.

"काढ. तवा न्हाई हलायची मी."

लातूर जिल्हा झाल्यापासून एसट्या वाढल्या होत्या. पाणी तेवढं वाढलं नव्हतं. शिरूरहून लातूरला निघालेल्या गाडीच्या दोन्ही अंगांना रानं उघडी पडलेली. पार्वतम्माचं तिकडं लक्षच नव्हतं. धुवायला दिलेले फोटो घ्यायला गोलाईमागच्या स्टुडिओत शिरली तेव्हा तिला धाप लागली होती.

स्टुडिओवाल्या शिवमूर्तीनं पाकीट पुढं केलं आणि आवाज खाली आणला.

"अव्वा, गावात साथ आली हुती काय?"

"कसली साथ?"

"न्हाई, एवढी माणसं गेली, म्हणून इचारलो."

तिनं फोटो काउंटरवर मांडले. मलप्पा. गुणाबाई. संगप्पा. सगळे कपाळभर विभूती लावून ताठ बसलेले, डोळे कुठंतरी पलीकडं लागलेले. तिनं एकेकाकडं पाहिलं आणि मग तिला असं हसू फुटलं की काउंटर धरावा लागला.

"जिते हायत रे सगळे. मीच मारून आणलेत."

शिवमूर्तीही हसला. मग म्हणाला, "बसवू नका, अव्वा. ज्येच्या त्येच्या कामात असू द्या. सकाळचं कवळं ऊन तोंडावर घ्या. हात हलला तर हलू द्या की."

नवा रोल पिशवीत टाकून परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. तिकीट फाडणारा कंडक्टर, पेंगणाऱ्या बाईच्या खांद्यावरून डोकावणारं लेकरू, आरशात ड्रायव्हरचा एकच डोळा. दिसेल त्यावर ती मांडीवर अंगठा दाबत होती. खट्. खट्. शेजारच्या बाईनं अंग चोरून घेतलं.

सकाळी टँकर आला. जगदेवीची घागर भरायच्या आत ड्रायव्हरनं पाईप दुसरीकडं वळवला आणि जगदेवीनं त्याच्या आज्यापणज्याला बोलावून घेतलं. एका हातात घागर, दुसरा हात आभाळात, पदर खांद्यावर. पार्वतम्मा ओट्यावर उभी होती. तिनं श्वास रोखला.

फोटो धुऊन आला त्या दिवशी तिनं तो जगदेवीच्या हातात दिला आणि उगाच चुलीपाशी जाऊन लाकडं सारत बसली. जगदेवी तो घेऊन दारातल्या उजेडात गेली. कितीतरी वेळ तिथंच होती.

"एवढं तोंड उघडतं माझं?"

"त्येच्याहून जास्त. कॅमेऱ्यात मावलं न्हाई."

"निम्मं तोंड काळं आलंय."

"ऊन तुमच्या पाठीला हुतं, अक्का."

 जगदेवी फोटो पदराखाली घेऊन आत गेली.

पुढच्या खेपेला टँकरचा भोंगा वाजला तेव्हा पार्वतम्मा आधीच ओट्यावर होती. जगदेवी मागाहून आली. अंगावर ठेवणीतलं इरकल, केसांना तेल, घागर चिंचेनं घासलेली.

"लग्न हाय का कुठं?" गुणाबाईनं विचारलं.

जगदेवीनं तिच्याकडं पाहिलंही नाही. तिची नजर ओट्यावर होती.

"अक्का," पार्वतम्मा कॅमेरा डोळ्याला लावत म्हणाली, "जरा उगवतीकडं तोंड करा."

जगदेवी वळली. कवळं ऊन तिच्या सबंध तोंडावर पसरलं. तिनं घागर कमरेवर नीट बसवली, हात वर केला आणि ड्रायव्हरवर तुटून पडली. तो बिचारा अजून गाडीतून खाली उतरलाही नव्हता.