सत्तर सीटांचं विमान

मी एक विमान बोलतोय, पण कधीच न उडालेलं. हातभर लांब, पांढरंशुभ्र, स्टँडवर नाक वर करून बसवलेलं. एका परदेशी कारखान्यानं आपलं नवं सत्तर सीटांचं जेट विकायला काढलं, तेव्हा माझ्यासारखी मॉडेलं घडवली. खरं विमान टेबलावर ठेवता येत नाही ना! शेपटीवर गिऱ्हाईक कंपनीचे रंगसुद्धा आधीच चढवले होते. लग्न ठरायच्या आतच हळद लावावी, तसे.

गिऱ्हाईक म्हणजे दिल्लीची एक मोठी विमान कंपनी. तिनं लहान शहरांसाठी एक धाकटी कंपनी काढली होती. तिथल्या वैमानिकांना पगार कमी. त्यामुळे मोठ्या कंपनीच्या वैमानिकांनी धास्ती घेतली. आज धाकटीला मोठी विमानं मिळाली, तर उद्या आपलं काम तिच्याकडे जाईल आणि आपण घरी बसू! त्यांच्या संघटनेकडून बोलणी करायला बसला होता कॅप्टन देवेंद्र. बालाघाटचा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या मधुकररावांचा मुलगा.

"करारात लिहा," तो म्हणाला, "धाकट्या कंपनीचं विमान पन्नास सीटांच्या वर जाणार नाही. नाहीतर सही नाही."

मोठ्या कंपनीचा माणूस माझ्या पाठीवर हात ठेवून परोपरीनं सांगत होता. "साहेब, सत्तरवाल्याला तेल थोडंच जास्त लागतं. वैमानिक तेवढेच दोन. पन्नासवाल्यावर हा धंदा तगायचा नाही."

देवेंद्रनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पण तो मागे हटला नाही. करार झाला. पन्नास सीटांची विमानं आली आणि मी बिनकामाचा ठरलो. कुणीतरी हसत मला देवेंद्रच्या हातात दिलं. "घ्या कॅप्टन, तुमची शिकार!"

असा मी स्वेटरात गुंडाळून बालाघाटला आलो. मधुकररावांनी मला बैठकीतल्या शोकेसमध्ये बसवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं सांगत, "देवेंद्रनं हे येऊच देलं नाही. आपल्या मानसायच्या नोकऱ्या वाचवल्या त्यानं."

पुढे देवेंद्रची धाकटी बहीण वल्लरीही वैमानिक झाली. भावाचंच वेड तिनं घेतलं होतं. तिला नोकरी लागली ती नेमकी त्या धाकट्या कंपनीत. त्या दिवशी देवेंद्रनं स्वतः पेढे वाटले. माझ्यासमोरून जाताना मात्र त्यानं नजर चुकवली. पन्नासची अट आपण घातली, हे त्यानं तिला सांगितलं नाही, आणि मला तोंड नव्हतं.

मग तेल महागलं. पन्नास सीटा भरूनही विमानं तोट्यात उडू लागली. आधी काही गावं बंद झाली, मग कंपनीच. वल्लरी दिवाळीला घरी आली ती नोकरी गमावून. घरात सगळे होते. शेजारचे हिरालालकाका फराळाला आले आणि मधुकररावांनी सवयीनं माझी गोष्ट सुरू केली. शिक्षण, मग नोकरी, अशी कायम बाहेरच राहिलेली वल्लरी पहिल्यांदाच ती पुरती ऐकत होती.

"दादा, पन्नासचा आकडा तुमच्या लोकायनं टाकला, ते मले मालूम होतं," ती म्हणाली. "तू टाकला?"

"हौ."

"मग मी तिथं लागली तवा सांगतलं काहून नाही?"

"वाटलं, निभून जाईल. माह्यासोबतच्यायचे संसार होते वल्लू. मी त्यायच्यासाठी बसलो होतो."

"बराबर आहे. बसायलेच पायजे होतं. पन माह्यासाठी कोन बसलं होतं?"

हिरालालकाकांनी चिवड्याची बशी खाली ठेवली. माझी मान त्या दिवसापासून वर असूनही वर राहिली नाही.

भाऊबीजेला तिनं भावाला ओवाळलं. तो पाकीट काढू लागला, तशी म्हणाली, "ओवाळनी नको. जमलं तं तो आकडा वाढव. सत्तरवाल्यावर कंपनी पुन्हा उभी तं राहील."

देवेंद्र दिल्लीला जाऊन भांडला, आपल्याच माणसांशी. त्यांनी त्याला फितूर म्हटलं, संघटनेतून बाजूला केलं. दोन वर्षांनी आकडा सत्तरवर गेला खरा, पण अट अशी पडली की ती विमानं मोठ्या कंपनीचेच वैमानिक उडवतील. धाकटी पुन्हा उघडलीच नाही; लहान गावांना ती विमानं मोठी कंपनीच पाठवू लागली. वल्लरी तोवर नागपूरला शिकाऊ वैमानिकांना शिकवत होती. आणि माझं खरं रूप उडवायचं प्रशिक्षण मिळालं देवेंद्रला.

मला कुणाची शिकार म्हणू नका, एवढंच माझं मागणं आहे. मी कुणाला वाचवलं नाही आणि बुडवलंही नाही. तरीही त्या टेबलावर मी होतो, हे काही मला विसरता येत नाही.

परवा वल्लरी सुट्टीला आली. देवेंद्रही होता. तिनं मला शोकेसमधून काढून टीपॉयवर ठेवलं, पदरानं काच-खिडक्या पुसल्या आणि विचारलं, "याचं कॉकपिट कसं आहे रे, दादा?"

तो सांगू लागला. कोणता स्क्रीन कुठे, उतरताना वेग किती धरायचा, वारा आडवा आला तर विमान कसं वागतं. ती गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. मधेच थांबून तो माझ्या शेपटीवरचे रंग अंगठ्यानं पुसू लागला.

"थांबला काहून?" ती म्हणाली. "सांग ना. चाकं कवा उघडतेत?"